किल्ली फिटरच्याच खिशात

19 नोव्हेंबर 2022 च्या रात्री कर्नाक पूल पाडायला मध्य रेल्वेने 27 तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा मेन लाइनच्या लोकल भायखळ्यालाच थांबत होत्या. लोक वैतागले, पण ‘वायरमध्ये करंट असतानाच उरका’ असं कोणी म्हटलं नाही. याच भायखळ्यातल्या गाळ्यांत मशीन दुरुस्तीला काढलं, की नेमकं तेच सुचवलं जातं.

‘मेन बंद केलाय, आणखी काय पाहिजे?’ ओव्हरहेड वायरचा 25 हजार व्होल्टचा पुरवठा तोडल्यावरही रेल्वेची माणसं लगेच हात लावत नाहीत. शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही वीज उतरते, म्हणून आधी अर्थिंग करतात. पॉवर प्रेसचंही तेच. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील गरगरत असतं. तेवढ्यात क्लच लागला, की रॅम खाली. तेव्हा मेनला कुलूप घाला, फ्लायव्हील थांबू द्या, रॅमखाली टेकू लावा, लाइनमधली हवा सोडा. मग सगळ्यांना बाजूला करून चालूचं बटण दाबून बघा. हात त्यानंतर.

‘स्विचपाशी पोऱ्या उभा केलाय,’ हे उत्तर सगळ्यात घातक. शेठने हाक मारली, की पोऱ्या जाणारच. नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नाही. मशीनमागे वाकलेला फिटर पुढून दिसत नाही, आणि तिसराच कोणी मेन चालू करतो. मग कामगाराचा निष्काळजीपणा म्हणायला सगळे मोकळे!

चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकणारा स्विच कुलूपबंद करायची सोय हवी, अशी तरतूद 1948 च्या कारखाना कायद्याच्या 24 व्या कलमात 1976 सालीच आली. कामगार कमी म्हणून बरेच गाळे त्या कायद्यातून सुटत आले, हे खरं. पण प्रेस हजेरीपट बघून बोट कापत नाही.

वेळ जातो? जातो. ऑर्डर उशिरा जाईल, जाऊ दे.

कुलूप मात्र ज्याचा हात आत जाणार त्याचंच हवं. दोघं असतील तर दोन कुलपं. पाळी बदलताना येणाऱ्याचं लागल्याशिवाय जाणाऱ्याचं निघता कामा नये. ‘एक जादा किल्ली ऑफिसात राहू दे,’ असं शेठ म्हणणारच. देऊ नका. फिटर चुकून किल्ली घेऊन डोंबिवलीला गेला, तर फोन करून बोलवा, येण्याजाण्याचं भाडं द्या. तोवर मशीन बंद.