महाविद्यालयीन मल्लाचा येता हंगाम

पावसाळा सरला, कीं जळगांव-धुळ्याकडील महाविद्यालयांतून कुस्तीच्या सामन्यांची बोलणीं सुरू होतात. सुशिक्षित घरांतून मात्र परीक्षेच्या वर्षीं मुलानें लंगोट कसलेला वडील मंडळींस रुचत नाहीं. म्हणून खानदेशच्या या तरुण मल्लास येत्या हंगामांत कितपत आशा धरतां येईल, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अनुकूल बाजू पाहूं. चाळीसगांव तालुक्यांतील विजय चौधरी यांनीं २०१४, २०१५ व २०१६ अशीं लागोपाठ तीन वर्षें 'महाराष्ट्र केसरी'ची गदा मिळविली, आणि पुढें ते पोलीस खात्यांत उपअधीक्षक झाले. तेव्हां या मातींत कस नाहीं असें कोणींहि म्हणूं नये.

परंतु अडचण मातीचीच आहे. आपल्या जत्रांतील कुस्ती मातीवरची, चितपट होईपर्यंत चालणारी. विद्यापीठांच्या सामन्यांतील कुस्ती गादीवरची. तींत तीन तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या; प्रतिस्पर्ध्यास वर्तुळाबाहेर लोटलें तर एक गुण, खालीं घेऊन ताबा मिळविला तर दोन, आणि दहा गुणांची आघाडी होतांच निकाल. मातींत पाय रुततो, तेथें बळ कामास येतें. गादीवर पाय मोकळा, तेथें चपळाई. नुसत्या मातीवर तयार झालेला गडी आपल्या विद्यापीठांत कदाचित् पहिला येईल. पण आंतरविद्यापीठ सामन्यांत हरियाणा-पंजाबच्या मुलांशीं गांठ पडली म्हणजे गादीचा सरावच उपयोगीं पडेल. तो सराव आजपासून रोज व्हावयास पाहिजे.

दुसरी गोष्ट वजनाची. हलक्या गटांत शिरण्याच्या लोभानें कित्येक मुलें सामन्यापूर्वीं अन्नपाणी तोडतात व घाम गाळीत राहतात. १९९७ सालीं अमेरिकेंत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा रीतीनें वजन उतरवितांना प्राणांस मुकले, व त्यानंतर तेथील नियम बदलावे लागले. मुलगा एकाएकीं पाणी टाकूं लागला, तर घरांतील माउलीनें तें उपवासासारखें कौतुकानें पाहूं नये. त्यास तत्काळ अडवावें. पदक पुढील वर्षींहि मिळेल.

राहिला प्रश्न अभ्यासाचा. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीच्या वारीसाठीं पैका जमेना, तेव्हां त्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. आणि खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारतास कोणत्याहि वैयक्तिक खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. एका शिक्षकानें एका पहिलवान विद्यार्थ्यासाठीं एवढें केलें, हें आम्हां शिक्षकी पेशांतील लोकांस अभिमानाचें वाटतें.

आमच्या वाचकांस घर गहाण टाकण्याचें कारण नाहीं. मुलास सकाळीं दूध, रात्रीं वेळेवर झोंप व दुपारीं दोन तास पुस्तक, एवढी व्यवस्था घरानें करावी, आणि महाविद्यालयानें गादी द्यावी. एवढें झालें तर या हंगामाची आशा आम्ही निःसंकोच धरूं.