पाहुणा प्राध्यापक आणि यजमान विभाग

विद्यापीठाच्या विभागात पाहुणा प्राध्यापक तीनपैकी एका कारणाने येतो. तो शिकवायला येतो, विभागाने जपलेले साहित्य तपासायला येतो, नाहीतर विभागाच्या आधाराने एखाद्या गावात किंवा परिसरात काम करायला येतो. तिन्हींची तयारी वेगवेगळी करावी लागते. बहुतेक विभागांत मात्र ती एकाच साच्याची असते: अतिथीगृहातली खोली, एक व्याख्यान, शाल-श्रीफळ आणि पायऱ्यांवरचे समूहछायाचित्र. व्याख्यान हा या सगळ्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उरणारा भाग. वार्षिक अहवालात त्याची एक ओळ होते, म्हणून त्याला महत्त्व आले आहे.

शिकवायला येणाऱ्यांची व्यवस्था त्यातल्या त्यात सुटसुटीत. केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्यान’ योजनेने तिला आराखडाही दिला आहे. परदेशी अध्यापकाने एक किंवा दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम घ्यायचा, यजमान संस्थेतल्या अध्यापकाने समन्वय करायचा आणि व्याख्यानांचे चित्रीकरण करून ठेवायचे. पुण्याला या कामाचा याहून जुना अनुभव आहे. १९५५ मध्ये डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे उन्हाळी वर्ग भरले तेव्हा सु. मं. कत्रे संचालक होते आणि पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा होता. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ इथे शिकवायला आले आणि त्याच योजनेच्या आधाराने इथले तरुण तिकडे शिकायला गेले. अशोक केळकरांनी मराठीच्या वर्णव्यवस्थेवर आणि पदव्यवस्थेवर प्रबंध लिहून १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे ते डेक्कन कॉलेजातच अध्यापक झाले आणि पाहुण्यांनी सुरू केलेला विषय घरच्या माणसांकडे आला. आजच्या योजनांत पाहुण्याच्या तासांचा हिशेब काटेकोर असतो, पण तो गेल्यावर विषय कोण शिकवणार हा रकाना अर्जात नसतो. विभागाने तो स्वतःपुरता भरून ठेवावा.

साहित्य तपासायला येणाऱ्या संशोधकांचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातले आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी ते चालवले. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे अशा तीन टप्प्यांतली, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तिथे उजेडात आली. सव्वाशेहून अधिक घरे, धान्याची साठवण, पाण्याचा पाट आणि बांध, आणि घरांच्या जमिनीखाली दोनशेहून अधिक दफने मिळाली. लहान मुले दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांना भिडवून पुरलेली होती. प्रौढांचे पाय घोट्याजवळ तोडलेले होते.

हाडांचा इतका मोठा आणि काळाच्या थरांनी बांधलेला संग्रह हाती आला, तेव्हा त्याचा अभ्यास एकट्या विभागाच्या आवाक्यातला नव्हता. परदेशी तज्ज्ञांबरोबर काम करण्याची सवय मात्र संस्थेला होती. लंडनचे फ्रेडरिक झॉयनर १९४९ मध्ये आले होते. गुजरातमधल्या नद्यांच्या आणि वाळूच्या थरांवरचा त्यांचा अभ्यास पुढच्याच वर्षी डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. कॉर्नेलच्या केनेथ केनेडींनी कैलाश मल्होत्रांबरोबर नेवाशाच्या सांगाड्यांवर केलेले काम १९६६ मध्ये बाहेर आले. इनामगावसाठी ऑरेगन विद्यापीठाचे जॉन ल्यूकाक्स आले. दातांचा अभ्यास हा त्यांचा विषय. डेक्कन कॉलेजचे सु. रा. वाळिंबे त्यांचे सहकारी होते. दोघांच्या नावाने मानवी अवशेषांवरचा खंड १९८६ मध्ये निघाला. तो इनामगाव अहवालाचा दुसरा खंड. पहिला खंड १९८८ मध्ये आला, म्हणजे दुसरा आधी आणि पहिला नंतर. उत्खननाच्या अहवालांना लागणाऱ्या उशिराशी परिचय असलेल्यांना यात नवल वाटणार नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की खंडावर पाहुणा आणि यजमान या दोघांची नावे आहेत आणि प्रकाशक यजमान संस्थाच आहे.

त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षांनी, २०११ मध्ये, ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन अभ्यासिकेचे पुस्तक आले. इनामगाव, नेवासे आणि दायमाबाद इथल्या मुलांच्या हाडांवरून वाढ, कुपोषण आणि बदलते हवामान यांचे नाते त्यात तपासले आहे. उत्तर जोर्वे काळात पाऊस घटला, शेती मागे पडली आणि लोक भटके पशुपालक झाले, ही उत्खननकर्त्यांची मांडणी तिने त्याच हाडांच्या आधारे नव्याने तपासायला घेतली. यजमानाच्या निष्कर्षांवर पाहुण्याने प्रश्न उभा करावा आणि त्यासाठीची सामग्री यजमानानेच खुली करावी, असा हा प्रकार आहे. कपाटांच्या किल्ल्या कोणाच्या हाती राहाव्यात यावर जिथे विभागप्रमुख आणि माजी विभागप्रमुख यांच्यात वर्षानुवर्षे अबोला असतो, तिथे असे घडणे अवघड.

हे दुसरे काम शक्य झाले ते उत्खननाच्या वेळच्या नोंदींमुळे. कोणते हाड कोणत्या चरातले, कोणत्या थरातले आणि कोणत्या घराखालचे हे लिहून ठेवले नसते, तर काळाच्या टप्प्यांची तुलनाच झाली नसती. साहित्य पाहायला येणाऱ्या पाहुण्याचे यजमानपण म्हणूनच निमंत्रणाच्या कितीतरी आधी सुरू होते. संग्रहाची यादी, प्रत्येक वस्तूचा क्रमांक, जुन्या नोंदवह्यांच्या प्रती, मोजमापाला पुरेसे मोठे टेबल, चांगला उजेड आणि कपाट उघडून देणारा एक ठरलेला माणूस एवढे असले, की अतिथीगृहातला पंखा थोडा आवाज करत असला तरी चालते. पाहुण्याने हात लावलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद त्याच वहीत व्हावी, आणि मोजमापांची एक प्रत तो जाण्याआधी विभागात राहावी. मागाहून पाठवतो म्हटलेल्या प्रती सहसा येत नाहीत.

नमुने बाहेर जाणार असतील तर हे पुरत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायच्या तर पुरावशेष व कलावस्तू कायदा, १९७२ लागू होतो. तपासणीसाठी हाडाचा लहानसा तुकडा पाठवायचा असला तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी घ्यावी लागते. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि कृषी विभागांसाठी जैवविविधता कायदा, २००२ आहे. त्यानुसार परदेशी व्यक्तीला इथली जैविक साधने संशोधनासाठी घ्यायची तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता आवश्यक असते. पाहुण्याला हे कायदे माहीत नसणे समजण्यासारखे आहे. यजमानाला ते माहीत नसले तर पाहुण्याच्या सामानातल्या डबीची जबाबदारी यजमानावर येते.

तिसऱ्या प्रकारच्या पाहुण्याकडे विभाग सर्वांत कमी लक्ष देतात. तो विभागात दोन दिवस बसतो आणि दोन महिने गावात राहतो, तेव्हा खरा यजमान गाव असते. पुण्याच्या पूर्वेच्या पट्ट्याला याची दोन शतकांची ओळख आहे. थॉमस कोट्स या डॉक्टरने १८२० च्या सुमारास लोणीकंदची तपशीलवार पाहणी केली. गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक काढले. शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकची शेती आणि मजुरी हॅरल्ड मान आणि ना. वि. कानिटकर यांनी मोजली, ते पुस्तक १९२१ चे. मान पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, पण गावात तेही पाहुणेच. वही घेऊन प्रश्न विचारणारा शहरी माणूस या भागाला नवा नाही, आणि त्याने पुढे काय लिहिले हे गावाला क्वचितच कळले.

आज असा अभ्यासक दौंड तालुक्यातल्या राहूला येण्याची कारणे भरपूर आहेत. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या दुआबाला राहू बेट म्हणतात. ऊस, गुऱ्हाळे, उसात ठाण मांडलेले बिबटे आणि पुण्याचे सांडपाणी घेऊन येणारी नदी, यांतला कोणताही एक विषय प्रबंधाला पुरेल. गुऱ्हाळघरातली मजुरी अर्थशास्त्राला हवी, नदीचे पाणी पर्यावरणशास्त्राला, बिबट्या प्राणिशास्त्राला, आणि ऊसतोड कामगारांची बोली भाषाशास्त्राला.

इथे विभागाचे पहिले काम वेळ ठरवण्याचे. परदेशी विद्यापीठांची मोठी सुटी उन्हाळ्यात असते, तेव्हा इकडे पाऊस असतो. डिसेंबर-जानेवारीत आलेला पाहुणा ऐन गळीत हंगामात सापडतो. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, शेतकरी तोडीच्या चिठ्ठीच्या मागे, टोळ्या पहाटेपासून फडात. ज्याला साखर किंवा गूळ हाच विषय आहे त्याच्यासाठी हा उत्तम काळ. ज्याला घरोघर बसून दोन-दोन तास बोलायचे आहे त्याने हंगाम संपल्यावर यावे. अंधार पडल्यावर उसाच्या कडेने पायी जायचे नाही, हे पाहुण्याला पहिल्याच दिवशी सांगावे. स्थानिक माणूस ते सांगायला विसरतो, कारण त्याला ते सांगण्यासारखे वाटत नाही.

दुसरे काम माणसे जोडून देण्याचे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि शाळेचे मुख्याध्यापक यांना विभागाचे मराठी पत्र आधी पोचलेले असावे. कोण येतो, काय विचारणार, किती दिवस राहणार आणि लिहिलेले पुढे कुठे जाणार, हे त्यात साध्या भाषेत असावे. सरकारी योजनेची पाहणी आली असा समज एकदा झाला की उत्तरे बदलतात आणि विहिरींची खोलीसुद्धा बदलते. दुभाषा म्हणून सोबत दिलेला विद्यार्थी त्याच तालुक्यातला असला तर काम सोपे होते, पण त्याच गावातला नसलेला बरा. भावकीतल्या माणसासमोर लोक जमिनीविषयी बोलत नाहीत. या विद्यार्थ्याला मानधन मिळावे आणि लेखात त्याचे नाव यावे, हे पाहुण्याकडून आधी लेखी घ्यावे. वाळिंबे आणि मल्होत्रा यांची नावे पुस्तकांवर आहेत. दुभाष्यांची नावे ऋणनिर्देशातही अनेकदा पहिल्या नावावर थांबलेली दिसतात.

तिसरे काम पोलिसांशी संबंधित आहे. परदेशी व्यक्ती जिथे मुक्काम करते तिथल्या घरमालकाने किंवा व्यवस्थापकाने चोवीस तासांत तिची नोंद कळवायची असते. पूर्वी यालाच ‘सी फॉर्म’ म्हणत. विद्यापीठाचे अतिथीगृह ही नोंद करते. पाहुणा राहूत एखाद्याच्या वाड्यात उतरला तर ती जबाबदारी त्या शेतकऱ्याची होते, आणि त्याला हे कोणी सांगितलेले नसते. विभागाने त्याच्या वतीने ऑनलाइन नोंद करून द्यावी आणि यवत पोलीस ठाण्यात पत्र द्यावे. इनामगावसाठी शिरूर. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या संशोधन-व्हिसावर आलेल्यांनी चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे स्वतंत्र नोंदणी करायची असते. पर्यटक म्हणून आलेल्याला संशोधनासाठी गावात पाठवणे हा शॉर्टकट नाही, गुन्हा आहे. पाहुण्याच्या मानधनाचेही तसेच. व्हिसाचा प्रकार आणि करकपात यांचा विचार लेखाविभागाशी निमंत्रणपत्र निघण्याआधी व्हावा.

या सगळ्यात देशातला, त्यातही जिल्ह्यातला पाहुणा मागे पडतो. शिरूरच्या चां. ता. बोरा महाविद्यालयातला किंवा दौंडकडचा अध्यापक पंधरा दिवस ग्रंथालय आणि प्रयोगशाळा वापरायला आला, तर त्याला पाहुणा प्राध्यापक म्हणायलाही विभाग तयार नसतात. त्याला ओळखपत्र मिळत नाही, खोली मिळत नाही, आणि संध्याकाळची एसटी पकडायची म्हणून तो चार वाजता उठतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या आयुका या खगोलविज्ञान केंद्राने या प्रश्नाला चांगले उत्तर दिले. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सहयोगी अध्यापकांची योजना सुरू झाली. देशभरच्या विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले अध्यापक ठरावीक वर्षांसाठी निवडले जातात, सवडीप्रमाणे येऊन राहतात, आणि प्रवास व मुक्कामाचा खर्च संस्था करते. लहान गावच्या अध्यापकाला ग्रंथालय, संगणक आणि चर्चा करायला माणसे मिळतात. हे मोठ्या संस्थेलाच परवडते असे म्हणतात. विभागाच्या पातळीवर त्याची लहान आवृत्ती म्हणजे एक टेबल, वर्षभराचे ग्रंथालयपत्र आणि अतिथीगृहातल्या महिन्याच्या चार रात्री. याला कुलगुरूंची खास मंजुरी लागत नाही, विभागीय समितीचा ठराव बहुधा पुरतो. आणि राहू-शिरूरकडे परदेशी पाहुणा येईल तेव्हा त्याला वाट दाखवायला हाच अध्यापक सर्वांत उपयोगी पडतो.

पाहुणा परत गेल्यावर विभागाकडे चार गोष्टी असाव्यात: काय पाहिले याची नोंद, मोजमापांच्या आणि मुलाखतींच्या प्रती, खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि गावासाठीचा मराठी गोषवारा. मुलाखतींच्या प्रतींवर नावे झाकून ठेवावीत आणि त्या कोणाला पाहता येतील हे पाहुण्याशी आधीच ठरलेले असावे. गोषवारा दोन-तीन पानांचा पुरे, पण तो पाहुण्याकडून मायदेशी जाण्याआधी लिहून घ्यावा. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीकडे, एक शाळेकडे आणि एक विभागाच्या त्या गावाच्या फाइलीत ठेवावी. पुढचा अभ्यासक आला की त्याच्या हाती प्रथम ती फाइल द्यावी.