बियाणे कुणाचे आणि पीक कुणाचे?

‘रॉयल्टी’ हा शब्द जालन्याला परका नाही. कुंडलिकेच्या एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबादचा नवा जालना. आणि या जुळ्या गावाचे नाव देशभर झाले ते बियाण्यांमुळे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको कंपनी स्थापन केली. २००२ साली बीटी कापसाला सरकारी मान्यता मिळाली आणि महिको व मोन्सॅन्टो यांच्या संयुक्त कंपनीमार्फत बियाण्याच्या पाकिटामागे तंत्रज्ञानाचे शुल्क वसूल होऊ लागले. पीक तरो वा बुडो, शुल्क पाकिटाच्या किमतीत आधीच मोजलेले असे. भांडवलाने लावलेल्या शोधाच्या प्रत्येक वापराचा मोबदला भांडवलाला मिळालाच पाहिजे, हे तत्त्व मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला पदरचे पैसे मोजून शिकावे लागले.

मग हेच तत्त्व लेखणीला का लागू होऊ नये? चित्रपटाचे बियाणे म्हणजे पटकथा. कथासूत्र बांधणे, प्रसंगांचा क्रम लावणे, कोणती गोष्ट प्रेक्षकाला केव्हा कळावी हे ठरविणे, एकच प्रसंग दहा वेळा खोडून पुन्हा लिहिणे, हे महिनोन्महिन्यांचे श्रम कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच संपलेले असतात. त्यांच्या मोबदल्याची रीत मात्र अशी की, थोडी रक्कम हातावर ठेवायची, उरलेली हप्त्यांनी द्यायची आणि शेवटचा हप्ता चित्रीकरणाशी किंवा प्रदर्शनाशी बांधून टाकायचा. चित्रपट रखडला की लेखकाचा हप्ता बुडाला. करारपत्रात मात्र सर्व माध्यमांतील सर्व हक्क निर्मात्याच्या नावे कायमचे लिहून घेतलेले असतात. तोट्यात लेखक भागीदार आणि नफ्यात परका, असा हा न्याय आहे.

यावर मालकवर्गाचे उत्तर ठरलेले आहे. पैसा निर्मात्याचा, जोखीम निर्मात्याची, म्हणून हक्कही निर्मात्याचा. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण मराठी रंगभूमीनेच तो खोटा पाडला आहे. नाटकाच्या निर्मात्यालाही जोखीम असते. तरीही प्रयोगामागे नाटककाराला मानधन देण्याचा प्रघात येथे रुजला आहे, आणि त्यामुळे कुठल्याही नाट्यसंस्थेचे दिवाळे वाजल्याचे ऐकिवात नाही. जालना जिल्ह्यातील जांबसमर्थच्या राजकुमार तांगडे यांचे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आले. मराठवाड्याची बोली केवळ विनोदासाठी नसते, तिच्यातून इतिहास आणि राजकारणही बोलता येते, हे त्या नाटकाने मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांना दाखवून दिले. अशा लेखकाने तीच लेखणी पडद्यासाठी उचलली, तर त्याचा हक्क एकाएकी नाहीसा का व्हावा?

कायदाही आता निर्मात्याच्या बाजूने निःशंकपणे उभा नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने गीतकार-संगीतकारांच्या प्रकरणात निर्मात्यांना झुकते माप दिले होते. पुढे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता इतर मार्गांनी चित्रपटाचा वापर झाला, तर त्यातील साहित्याच्या लेखकाला रॉयल्टीचा समान वाटा मिळाला पाहिजे, आणि हा हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरेल, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. परंतु मुंबईत नव्याने आलेला, खोलीचे भाडे थकलेला लेखक करारावर सही करताना कलमांचा हवाला देऊ शकत नाही. तो देऊ लागला, तर दुसरा लेखक दाराशी उभाच असतो. एकट्या माणसाच्या हातातील कायदा म्हणजे कागद.

अण्णाभाऊ साठे यांचे उदाहरण कार्यकर्त्यांनी विसरू नये. ‘फकिरा’ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, त्यांच्या अनेक कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, आणि १९६९ साली गोरेगावात अण्णाभाऊंना मरण आले ते दारिद्र्यात. आज त्यांचे पुतळे उभे राहतात. लेखकाला हारतुरे देणे स्वस्त असते. हिशेब देणे महाग पडते.

चळवळीतील काही मंडळीही या प्रश्नाकडे पाठ फिरवतात. चित्रपटाचे लेखक म्हणजे झगमगाटातील माणसे, त्यांचे दुःख ते कसले, असे त्यांना वाटते. ही समजूत चुकीची आहे. झगमगाट मूठभरांचा असतो. सलीम-जावेद यांनी १९७३ साली ‘जंजीर’च्या पोस्टरांवर आपली नावे स्वतः रंगवून घेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे, पण ज्याच्यामागे यश नाही, त्याला रंगाऱ्याला द्यायलाही पैसे नसतात. अमेरिकेतील पटकथालेखकांनी २०२३ साली १४८ दिवस संप केला. यंत्राने लिहिलेल्या मजकुराच्या आधाराने लेखकाचे श्रेय व मोबदला कापता येणार नाही, हे त्यांनी मालकांकडून लिहून घेतले. ते त्यांना साधले, कारण नामवंत आणि नवखे एकाच संघटनेत उभे राहिले. मुंबईतही पटकथालेखकांची संघटना ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदलेली आहे. तिला कामगार चळवळीने आपल्या कुटुंबातील मानले पाहिजे.

मागणी साधी आहे. राज्य सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देते आणि तो पैसा जनतेचा असतो. अनुदानाचा धनादेश देण्यापूर्वी लेखकाशी लेखी करार झाला आहे, २०१२च्या दुरुस्तीप्रमाणे त्याचा रॉयल्टीचा हक्क त्यात शाबूत आहे आणि त्याची संपूर्ण रक्कम चुकती झाली आहे, याचा पुरावा सरकारने निर्मात्याकडून मागावा. कामगारांची देणी थकविणाऱ्या कंत्राटदाराला सरकारी तिजोरीतून बिल मिळता कामा नये, असे म्हणणाऱ्या पक्षाने हाच नियम चित्रपटाच्या कंत्राटदारालाही लावावा, असा आग्रह धरला पाहिजे.

ही मागणी जुन्या जालन्यातून उठणे सर्वथा उचित ठरेल. बियाण्याच्या मालकाला पाकिटामागे पैसे मोजणाऱ्या या भूमीला, गोष्टीचे बियाणे पेरणाऱ्याच्या वाट्याचे दाणे मागण्याचा अधिकार निश्चितच आहे.