मनाच्या दुखण्यावर संशयाचा शिक्का

इराक आणि अफगाणिस्तानच्या रणभूमीवरून परतलेला अमेरिकी सैनिक रात्री दचकून उठे. तरीही मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढायला कचरत असे. भय शत्रूचे नव्हते. भय होते एका सरकारी अर्जातील एकविसाव्या प्रश्नाचे! राष्ट्राची गुपिते हाताळण्याची अनुमती, म्हणजेच ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’, मिळविण्यासाठी भरावयाच्या ‘स्टँडर्ड फॉर्म 86’मध्ये विचारले जाई : गेल्या 7 वर्षांत मानसिक आरोग्यासाठी कोणा तज्ज्ञाचा सल्ला घेतला आहे काय? कौटुंबिक कलह वा शोक यांसाठीच्या समुपदेशनाला सवलत होती, रणांगणातील आघाताला मात्र नव्हती. पायाला गोळी लागली तर पदक आणि मनाला जखम झाली तर चौकशी, असा हा महासत्तेचा न्याय.

संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी 1 मे 2008 रोजी ही विसंगती दूर केल्याचे घोषित केले. तोवर अफगाणिस्तानातील युद्धाला साडेसहा वर्षे उलटली होती! प्रश्नाचा मूळ रोख बदलायला तर 2016 साल उजाडावे लागले. उपचार घेतले का, याऐवजी विवेकबुद्धी आणि विश्वासार्हता यांवर आजाराचा परिणाम झाला आहे का, हे पाहण्याचे ठरले. केवळ समुपदेशन घेतले म्हणून प्रतिकूल निष्कर्ष काढू नये, असे 2017 पासून लागू झालेले निकष स्पष्ट बजावतात.

यावर कठोर सुरक्षेचे कैवारी 16 सप्टेंबर 2013 च्या हत्याकांडाचा दाखला देतात. वॉशिंग्टनच्या नौदल तळावर अशीच अनुमती असलेल्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याने 12 जणांचे प्राण घेतले. पण तो दाखला नेमके काय सांगतो? आपल्याला आवाज ऐकू येतात, हे त्याने काही आठवड्यांपूर्वीच ऱ्होड आयलंडमधील पोलिसांना सांगितले होते. पोलिसांनी ते तेथील नौदल तळाला कळविलेही. पुढे काहीच झाले नाही. निद्रानाशासाठी तो माजी सैनिकांच्या रुग्णालयांत गेला, तेव्हा मनाच्या त्रासाबद्दल त्याने कानावर हात ठेवले. म्हणजे घात केला तो न झालेल्या उपचाराने आणि झोपलेल्या यंत्रणेने.

आणखी एक विपरीतता पाहावी. ज्याच्यापाशी लपविण्याजोगे काही आहे, त्याला परकीय हेर धाक घालून वाकवू शकतो, हे या साऱ्या छाननीमागील जुने सूत्र. मग उपचाराचीच लाज वाटायला लावून, त्यासाठी गुपचूप स्वतःच्या खिशातून पैसे मोजायला भाग पाडून, असे गुपित निर्माण कोण करीत होते?

वास्तविक आकडे या भयाची साफ वाट लावतात. अमेरिकी संरक्षण खात्याच्या सुरक्षा-छाननी संस्थेनेच सांगितलेला हिशेब असा : 2012 ते 2020 या काळात सुमारे 54 लाख प्रकरणांचा निर्णय झाला. त्यांतील 97 हजारांच्या आसपास प्रकरणांत मानसिक आरोग्याचा मुद्दा होता. निव्वळ त्या एका कारणावरून अनुमती नाकारली वा काढून घेतली गेली, अशांची संख्या 62! तेथील संरक्षण-उद्योगात शिरू पाहणाऱ्या, अमेरिकी नागरिक झालेल्या मराठी मुलाला ‘नोंद राहील, डॉक्टरकडे जाऊ नकोस’ असे बजावणाऱ्या आईवडिलांनी हा आकडा अवश्य वाचावा. धास्ती मात्र आकड्यांनी हटत नाही; म्हणूनच उपचार घेणे हा दोष नव्हे, हे त्याच संस्थेला पुनःपुन्हा सांगत बसावे लागते.