"साहेबांना फोन द्या जरा!"

"वहिनी, तुम्हाला नाही समजायचं ते. साहेबांना फोन द्या जरा."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? गॅरेजमध्ये, बँकेत, बोअरवेलवाल्याकडून, अगदी इन्व्हर्टर बसवायला आलेल्या पोऱ्याकडूनसुद्धा. गाडी मी चालवते. पेट्रोल मी भरते. सर्व्हिसिंगच्या तारखा माझ्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेल्या असतात. पण गाडीला काय झालंय हे सांगायचं असलं, की साहेब हवेत! आमच्या साहेबांना गाडी येतच नाही, ही त्यातली गंमत.

आमची ऑल्टो २००९ ची. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०२४ मध्ये नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. लाखावर किलोमीटर पळालीय, त्यामुळे गेल्या पावसाळ्यात गिअरबॉक्स कुरकुरायला लागला तेव्हा तिला काही बोलले नाही. तिसरा टाकताना घर्र आवाज यायचा. मेकॅनिक म्हणाला, उघडून दुरुस्त करण्यापेक्षा त्याच मॉडेलचा जुना चांगला गिअरबॉक्स मिळतो, तो टाकू. टाकला. गिअर लोण्यासारखे पडायला लागले. मी खूश.

दोन दिवसांनी बसस्टँडसमोर गर्दीत थांबले, तर इंजिनचा आवाज वर-खाली, वर-खाली. दम लागलेल्या माणसाचा श्वास चालतो तसा. आणि मग फुस्स! बंद. मागे एसटी, एसटीच्या मागे टेम्पो, आणि सगळ्यांचे हॉर्न. तुम्हाला माहीतच आहे, बाई गाडी चालवत असली की हॉर्न जरा जास्तच जोरात वाजतात.

मेकॅनिककडे गेले. "नवीन गिअरबॉक्स आहे, सेट व्हायला वेळ लागणारच," असं उत्तर मिळालं. हे मला तेव्हाच पटलं नव्हतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना गिअरबॉक्सचं इंजिनवर ओझं ते किती? पण गप्प बसले. त्याने काहीतरी पिळून रेस वाढवून दिली. गाडी बंद पडायची थांबली, पण उभ्याउभ्या गुरगुरायला लागली. ताप आलेल्या पोराला औषध न देता थर्मामीटर झटकून ठेवावा, तसला हा उपाय!

त्याच आठवड्यात मला एक गोष्ट जाणवली. अंगणात गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. सहज ब्रेकवर पाय दाबला तर इंजिनचा आवाज बदलला. पाय काढला, पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मी जाऊन सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "ब्रेकचा आणि इंजिनचा काय संबंध वहिनी? भास होतोय तुम्हाला. साहेबांना फोन द्या."

मग तो रविवार. आईला डोळे दाखवायला कराडला नेलं होतं. परत येताना कुंभार्ली घाट उतरत होते. आई मागच्या सीटवर, डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून पदराने डोळे झाकून बसलेली. तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेक दाबला आणि तो दगडासारखा लागला. दाबला जातोय, पण नेहमीच्या दुप्पट जोराने. त्यात ती वाढवलेली रेस गाडीला पुढे ढकलतेय. पहिला गिअर टाकला, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पाय रोवला आणि डोंगराच्या कडेला गाडी उभी केली. आईने विचारलं, "आलं का गं चिपळूण?" मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी आधी मला बोलू दिलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण अर्धी दुरुस्ती तिथेच झाली. ब्रेकचं ऐकल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, एका रबरी नळीचं टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनवर फिरवत नेलं. एका जागी थांबले. मला म्हणाले, "ऐक." आत बारीक सूंऽऽ आवाज. कुकरची रिंग नीट बसली नाही की येतो ना, तसा. त्यांनी पकडीने एक जाड पाईप दाबला, आणि इंजिनचा चढ-उतार तिथल्या तिथे थांबला.

तो पाईप इंजिनपासून ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा. इंजिन चालू असताना हवा ओढून घेतं, त्या ओढीच्या जोरावर आपला ब्रेक हलका लागतो. म्हणजे ब्रेकचा आणि इंजिनचा संबंध होता! गिअरबॉक्स उतरवताना जागा करायला वरचे पाईप बाजूला सारले होते. पंधरा वर्षांचं रबर कडक झालेलं, ते टोकाशी चिरलं, आणि क्लिपही नीट बसवली नव्हती. त्या फटीतून हिशेबाबाहेरची हवा आत जात होती, म्हणून आयडलिंग डळमळीत आणि ब्रेकही जड. नवा पाईप, नवी क्लिप, आणि वाढवलेली रेस पुन्हा जागेवर. सगळं मिळून दोनशे रुपयांच्या आत!

काकांनी त्या दिवशी जे समजावलं ते तुमच्यासाठी. गिअरबॉक्स काढताना बॅटरी सोडतात, वायरी सोडतात, क्लचची केबल सोडतात. त्यामुळे त्यानंतर आयडलिंग बिघडलं तर आधी जे जे सोडलं होतं ते तपासायचं. गिअरबॉक्सला बोल्टने लावलेली अर्थची वायर गंजावरच आवळली असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर वेडंवाकडं वागतो. वेगाची खबर देणारं कनेक्शन राहिलं तर गाडी थांबता थांबता बंद पडू शकते. बॅटरी काढल्यामुळे कॉम्प्युटर आधी शिकलेलं विसरतो, तो थोड्या दिवसांत पुन्हा शिकतो. काही नव्या गाड्यांना स्कॅनर लावून शिकवावं लागतं. माउंटिंग सैल राहिलं तर नुसतीच थरथर वाढते. आमच्यासारखी तीन सिलिंडरची गाडी उभी असताना थोडी थरथरतेच, तो दोष नव्हे.

दोष गिअरबॉक्सकडचा की इंजिनाकडचा, याची घरगुती परीक्षाही आहे. न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, क्लच पूर्ण दाबा. क्लच दाबल्यावर इंजिन सुधारलं तर संशय गिअरबॉक्सवर. काहीच फरक पडला नाही तर इंजिनाकडे बघायचं. आणि ब्रेकची परीक्षा अशी: इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, तो कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर गाडी गॅरेजच्या बाहेर न्यायची नाही, घाटात तर नाहीच. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नका. साठलेल्या ओढीवर एक-दोनदाच तो हलका लागतो. एकदाच घट्ट दाबून धरा. ब्रेक लागतो, फक्त जोर लागतो.

आणि हो, चालू इंजिनमध्ये वाकून बघायचं असेल तर ओढणी-पदर आधी खोचा. पंखा कधीही सुरू होतो.

मला राग त्या पहिल्या मेकॅनिकच्या चुकीचा नाही, चुका माझ्याही भाकरीला होतात. राग आहे तो "भास होतोय" याचा. जी बाई रोज ती गाडी चालवते तिला तिचा बदललेला आवाज कळणार नाही तर कोणाला? आपणही थोड्या दोषी आहोत बरं का! "मला बाई त्यातलं काही कळत नाही" हे आपण काय कौतुकाने सांगतो! मिक्सरचा आवाज बदलला की कपलर गेला हे आपल्याला कळतं. मग इंजिन काय वेगळं आहे? १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेली मोटार शंभराहून अधिक किलोमीटर घेऊन गेली. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तिथे फोन द्यायला साहेब नव्हते.

बिल मात्र तारखेसह लिहून घ्या. जुन्या गिअरबॉक्सची किती दिवसांची हमी तेही त्यावरच. कागद असला तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर बोलता येतं. माझ्याकडे कागद नव्हता, म्हणून मी नुसतीच भांडून आले. आणि काढलेला गिअरबॉक्स आपला असतो, तो मागून घ्यायचा. आमचा मी मागून आणलाय. पडवीत पडलाय. हे म्हणतात भंगारात घाल, मी म्हणते काकांना विचारून मग बघू.