धर्मग्राम परका कसा?

2019 साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा पाद्र्याचा मराठीशी संबंध काय, असा प्रश्न काही मंडळींनी उपस्थित केला. आमच्या वर्ध्यातील चांगल्या शिकलेल्या घरांतही तो माझ्या कानी आला. दिब्रिटो 2024 साली निवर्तले. प्रश्न मात्र अद्याप जिवंत आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे प्राप्त आहे.

दिब्रिटो वसई तालुक्यातील नंदाखालचे. तेथे चर्च आणि त्याभोवतीची वस्ती मिळून जो एक घटक होतो, त्यास लोक ‘धर्मग्राम’ म्हणतात. ज्यांनी आपल्या संस्थेस इतके नेटके मराठी नाव दिले, त्यांच्यापाशी आम्ही मराठीपणाचा दाखला मागतो, हे नवलच होय.

प्रतिपक्षाचा मुख्य मुद्दा असा की, ही चर्चे पोर्तुगिजांनी तलवारीच्या जोरावर उभारली. यातील सत्य नाकारण्याचे मला कारण नाही. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली; त्यांच्या अमदानीत देवळे पडली आणि धर्मांतरामागे सत्तेचा धाक व लाभाचे आमिष दोन्ही होती. परंतु 1739 साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. धाक गेला, आमिष गेले, युरोपीय मठवासीही गेले. प्रतिपक्षाचे अनुमान खरे असते तर त्यानंतर एका पिढीत धर्मग्राम ओस पडावयास हवा होता. तो पडला नाही. गोव्याकडील देशी धर्मगुरू आणि वाडीत राबणारे शेतकरी यांनी तो मराठ्यांच्या राज्यात टिकविला, आणि पुढे इंग्रजांच्याही. पोर्तुगीज अमल दोनशे पाच वर्षे चालला. त्यावाचून हा समाज त्याहून अधिक वर्षे नांदला आहे. जे स्वखुशीने इतका काळ जपले गेले, त्यास परक्याचे ठाणे म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान नव्हे काय?

आणि ही माणसे बोलतात काय? कादोडी. त्याच भागातील सामवेदी ब्राह्मणांची बोलीही तीच! उपासना वेगळी झाली, पण केळीची बाग, विहिरीचे पाणी आणि तोंडची भाषा यांची वाटणी झाली नाही. याच भूमीतून ‘सुवार्ता’ मासिक निघाले. दिब्रिटोंनी ते अनेक वर्षे संपादिले, आणि वसईची हिरवळ बिल्डरांच्या हाती जाऊ लागली तेव्हा तिच्या रक्षणासाठी ते लढ्यातही उतरले.

आमच्या वाङ्मयेतिहासाची विसंगती तर याहून मोठी आहे. फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. 1616 साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले, म्हणून आम्ही त्यांस मानाचे पान देतो. ते योग्यच आहे. पण विलायतेहून आलेला ओवीकार आपला, आणि वसईच्या मातीत जन्मलेला भाविक मात्र परका, हा न्याय कोठला? वर्धेकरांनी तरी तो करू नये. याच गावी मगनवाडीत बसून जे. सी. कुमारप्पांनी ग्रामोद्योगांचे अर्थशास्त्र मांडले. ते ख्रिस्ती होते, आणि गांधीजींचे विश्वासू सहकारीही.

तात्पर्य, धर्मग्रामाचा इतिहास हा मराठी समाजाचाच इतिहास होय आणि तो लिहिणे हे मराठीच्या अध्यापकांचे काम होय. आम्ही ते केवळ पाद्र्यांवर सोपविले, या दोषात प्रस्तुत लेखकही भागीदार आहे. ख्रिस्ती बंधूंसही एक विनंती: बाप्तिस्म्याच्या व लग्नांच्या जुन्या नोंदवह्या अभ्यासकांस खुल्या कराव्यात. कोणत्या घराण्याचा संबंध कोणाशी, हे त्यांतून उलगडेल. वेळ थोडा आहे. वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत आणि मुले इंग्रजी शाळांत जात आहेत. कादोडी बोलणारी आजी गेल्यावर तिचे लग्नगीत कोणत्याही संमेलनाच्या मांडवात ऐकू येणार नाही. आणि तेव्हा पाद्र्याचा मराठीशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी आपला मराठीशी संबंध काय होता, याचे उत्तर तयार ठेवावे.