थोरल्याचं थकलं, म्हणून धाकटीनं शिकायचं नाही?



जून उजाडला की गावात दोन धावपळी सुरू होतात. एक बियाण्याची, दुसरी पोरांच्या प्रवेशाची. दोन्हींचा पैसा एकाच घरातून निघायचा, आणि कोरडवाहूच्या घरात नेमका तेव्हाच पैसा नसतो. मग बँकेची पायरी चढावी लागते.

तिथं आता ठरलेलं उत्तर मिळतं. धाकट्या मुलीला चांगल्या मार्कांवर प्रवेश मिळालेला असतो. साहेब संगणकात बघतात आणि म्हणतात, "थोरल्याचं शैक्षणिक कर्ज थकलंय. तुम्ही सहकर्जदार होता. तुमचा सिबिल खराब आहे. जमणार नाही."

थोरल्याचं का थकलं, हे कोणी विचारत नाही. पदवी घेऊन तो शहरात गेला, कंत्राटी नोकरी लागली, पगार खोलीभाड्यात आणि खानावळीत संपला. बापानं हप्ते भरावेत, तर २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली. बऱ्या वर्षी कापूस पिकतो, तेव्हा भाव पडतो. हप्ता थकला तो माजामुळे नव्हे.

आता शेतीचाच हिशेब लावू. मृगात पेरलं, पावसानं ताण दिला, उगवलेलं करपलं. आपण काय करतो? दुबार पेरणी करतो. पहिली पेरणी गेली म्हणून वावर पडीक ठेवा, असा सल्ला कोणी शहाणा देणार नाही. वावर पडीक राहिलं तर पहिल्या पेरणीचा खर्चही बुडतो. घराचंही तसंच आहे. धाकटी शिकली, कमावती झाली, तर थोरल्याची थकबाकी फिटण्याची आशा. तिला घरी बसवलं तर बँकेचं जुनं कर्जही बुडालं आणि पोरीचं आयुष्यही.

मुळात शैक्षणिक कर्ज बापाच्या ऐपतीवर द्यायचंच नसतं. २००१ साली भारतीय बँक संघानं या कर्जाची नमुना योजना केली. तिच्यात चार लाखांपर्यंत तारण नाही. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही. कारण परतफेड शिकणाऱ्याच्या पुढच्या कमाईतून व्हायची आहे. मग बापाच्या मागच्या नापिकीचा पंचनामा कशाला?

हे आम्हीच म्हणतो असं नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं की आईबापाचा सिबिल खराब आहे एवढ्यावर कर्ज नाकारता येणार नाही. २०२३ साली तर विद्यार्थ्याचीच दोन जुनी कर्जं होती. एकात १६,६६७ रुपये थकलेले, दुसरं बँकेनं निर्लेखित केलेलं. तरीही न्या. पी. व्ही. कुन्हीकृष्णन यांनी अंतरिम आदेशानं कर्ज द्यायला लावलं. केरळचा आदेश आपल्या बँकांवर आपोआप बंधनकारक नाही. पण अर्जासोबत जोडायला आणि वर भांडायला तो भक्कम आधार आहे.

बँकेतला पैसा ठेवीदारांचा, हे खरं. कर्ज बुडवा असं आम्ही सांगत नाही. पण २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानं बुडालेल्या कारखान्याची देणी कापून त्याला कोरी पाटी मिळू शकते. मग शेतकऱ्याच्या पोरीलाच भावाची पाटी का पुसावी लागते?

म्हणून "नाही" ऐकून मुकाट परत येऊ नका.

पहिलं, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नकाराचं कारण लेखी देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे. नमुना योजनेप्रमाणे वरच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय शाखेनं अर्ज फेटाळायचा नाही. ती संमती कोणी दिली, तेही विचारा. तक्रारीला तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

दुसरं, पत अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढा. फेडलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर पावतीसह हरकत घ्या. एकरकमी तडजोड केली तर खातं "बंद" नव्हे, "तडजोड" म्हणून नोंदलं जातं आणि तो डाग राहतो. सही करण्यापूर्वी हे विचारा.

तिसरं, थोरल्याच्या कर्जाचा खातेउतारा मागा. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणाऱ्यांसाठी २००९ पासून केंद्राची व्याज अनुदान योजना होती. ते अनुदान जमा झालं का, बघा. उरलेल्याचे हप्ते पाडून मागा.

चौथं, शिष्यवृत्तीला सिबिल लागत नाही. शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता यांचे अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरा. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी आहे. तेवढं कर्ज कमी लागेल. सावकाराकडे आणि दलालाकडे मात्र जाऊ नका.

जिल्हा बैठकीत आपली मागणी एका ओळीची असावी: शैक्षणिक कर्ज शिकणाऱ्याकडे बघून द्या, घरच्या थकबाकीकडे बघून नको. ज्यांना नकार मिळाला त्यांनी कागद घेऊन या. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो. पन्नास अर्ज एकदम ठेवले, तर साहेबाला उत्तर द्यावंच लागेल.